कारणाची ओळ

पिवळा त्रिकोण... करंगळीच्या नखाहून लहान, ओळीच्या डाव्या कडेला चिकटलेला. रोशनीनं लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवून तो झाकला, बोट उचललं — तो होताच. सकाळपासून तिनं असे कितीतरी घालवले होते. प्रोग्राम न चालवता नुसता वाचून शंका काढणारं, हे त्रिकोण लावणारं साधन मुळातच किरकिरं. कुठं न वापरलेल्या नावावर अडायचं, कुठं उगीचच. मग चूक सुधारायची, नाहीतर वर एक ओळ लिहायची — इथं गप्प राहा — आणि पुढं कारण, पुढं स्वतःचं नाव. संध्याकाळी ठाण्याच्या ऑफिसातून काम ग्राहकाकडं जायचं होतं, आणि ग्राहकाला इशाऱ्यांचा आकडा शून्य हवा होता. हा एकच उरला होता. आणि हा खरा होता.

प्रोग्राम ज्या यंत्राचा, ते सिरिंजमधलं औषध हळूहळू रक्तात ढकलणारं. बॅटरी उतरलेली असली आणि सिरिंज बदलून नवा वेग घालताना नेमकी वीज गेली, तर परत सुरू होताना ते जुनाच वेग धरून बसेल... एवढंच तो त्रिकोण म्हणत होता.

दुपारी तिनं कमलेशला फोन केला. कमलेश मोखाड्याचा, तिच्या गटाचा प्रमुख; त्यानंच तिला कामावर घेतलं, जव्हारच्या या भाड्याच्या खोलीतून काम करू देण्यासाठी साहेबांशी तोच भांडला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. दुरुस्ती केली तर तपासण्या पहिल्यापासून कराव्या लागतील, म्हणाला. ग्राहक तेवढा थांबणार नाही, आणि तो गेला की अख्खा गट घरी. आणि असं घडणार तरी किती वेळा?

"दादा, इथं रोज जाते लाईट."

"मला सांगतेस? मी कुठला आहे?" मग आवाज खाली आणून, "आज लिही काहीतरी. पुढच्या वेळी नीट करू."

पुढच्या वेळी... मागं आई सुपात नागली पाखडत होती, त्या आवाजात चैतीचं बाळ आठवलं — मामेबहीण चैती, दवाखान्यातली ती खाट, लाईट गेली तेव्हा औषध ढकलणाऱ्या अशाच पेटीवरचे हिरवे आकडे विझले आणि जनरेटर सुरू होईपर्यंत सगळे त्या काळ्या काचेकडं बघत उभे राहिले, नर्ससुद्धा. बाळ वाचलं. पण तेव्हा मी काय पाहिलं? पेटी पाहिली. आत कोणीतरी लिहिलेलं असतं, त्या कोणीतरीच्या भरवशावर आपण सगळे उभे असतो, हे कुठं ठाऊक होतं मला...

आणि आई. भात कापून झालं की पाड्यातली घरं कुलपं लावून जगायला निघायची, भिवंडीकडं, वीटभट्टीवर. रोशनीचा जन्म तिथलाच. यंदा पहिल्यांदा, रोशनीच्या पगारावर, आई गेली नव्हती; नंतर इथं खोलीवर आली. पाड्यातून ट्रक निघाला त्या सकाळी ती दारात उभी राहून नुसतीच हसली होती, अवघडल्यासारखी, जणू कुणाच्या तरी जागेवर बसलीय. तिला परत त्या ट्रकमध्ये... नाही. हे नाही.

तिनं कारण लिहिलं. खोडलं, परत लिहिलं. 'वीज व बॅटरी एकाच वेळी जाण्याची शक्यता नगण्य. प्रत्यक्ष वापरात ही स्थिती उद्भवत नाही.' पुढं रोशनी, आडनाव, तारीख.

त्रिकोण गेला. खाली शून्य. कमलेशला कळवलं, फोनवर त्याचा अंगठा आला.

"झालां का गो?" आईनं विचारलं. "डोळं लाल झालं तुजं. जेव आता."

झालं, म्हणाली ती. पण उठली नाही. कोणीतरी विचारावं, असं तिला वाटत होतं — ठाण्याहून, ग्राहकाकडून, कुठूनही — हे कशावरून म्हणता बाई? फोन हातात धरून ती वाट बघत राहिली. कोणी विचारलं नाही. मग तिनं ते वाक्य परत वाचलं. किती नीट होतं... कुठं अडखळ नाही, जाणत्या माणसानं शांतपणे लिहावं तसं. नगण्य. उद्भवत नाही. छातीतलं काहीतरी सैल झालं, सकाळपासून पहिल्यांदा. हे आपणच लिहिलंय, खोटं आहे, ती स्वतःला बजावत राहिली. पण ते वाक्य आपल्याला पटत चाललंय हेही तिला कळत होतं, आणि ते पटणं काही केल्या थांबवता येत नव्हतं.