तुरी निघाल्या की येईल

मी खोटं बोललो ते जागेसाठी. निदान सुरुवातीला तरी जागेसाठीच.

अठ्ठ्याहत्तर सालची दिवाळी नुकतीच झाली होती. मी पाटबंधारे खात्यात कारकून. चौदा वर्षं हिंगणीला बोर धरणाच्या कामावर काढली आणि मग स्वतःच अर्ज करून वर्ध्याच्या ऑफिसात बदली मागून घेतली. आठ दिवस रामनगरात जागा शोधत फिरलो. जिथे जावं तिथे पहिला प्रश्न एकच, "फॅमिली आहे का?" एकटा आहे म्हटलं की दार अर्धं लोटलं जायचं, जसा काही एकटा माणूस रात्रीतून भिंती खाऊन टाकतो. चव्वेचाळीस वर्षांचा, अर्धं टक्कल पडलेला, चष्मेवाला कारकून मी. माझा कोणाला काय धोका होता, देव जाणे.

नवव्या दिवशी प्रभाकररावांकडे गेलो. खाली त्यांचं किराणा दुकान आणि घर, वर दोन खोल्यांचा ब्लॉक. खिडकीतून कडुनिंब दिसत होता. जागा मला एकदम आवडली आणि मी फार थकलो होतो.

"फॅमिली?" प्रभाकररावांनी विचारलं.

"आहे ना."

"कुठं आहे मग?"

"हिंगणीले. वावरात तुरी आहेत. तुरी निघाल्या की येईल."

तुरी खरंच होत्या, माझ्या भावाच्या वावरात. बायको नव्हती. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. पोळ्याच्या महिन्यात कावीळ झाली आणि अकरा दिवसांत सगळं आटोपलं. पोरबाळ आम्हाला नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी बाज, पेटी, स्टोव्ह आणि भांड्यांचं पोतं घेऊन मी राहायला आलो.

नव्या जागी संसार लावणं हे काम बाईचं, असं आपण सहज म्हणून जातो. मी ते एकट्यानं केलं, म्हणून सांगतो, त्यात हुशारी लागत नाही, पण कोणीतरी "हे इथं ठेवू का?" असं विचारायला लागतं. मला विचारायला कोणी नव्हतं, म्हणून माठ तीन दिवस खोलीच्या मधोमध होता. स्टोव्हची वात काजळी धरायची. दुधाचं पातेलं उतू जाऊ नये म्हणून मी समोर बसायचो आणि तरी ते उतू जायचंच. नळ पहाटे साडेपाचला यायचा, तोही खाली अंगणात. बादल्या घेऊन तीनदा जिना चढलो की ऑफिसला जायची ताकद उरत नसे.

शोभाबाईंनी, म्हणजे प्रभाकररावांच्या बायकोनं, चार दिवस हे पाहिलं. पाचव्या दिवशी माझ्या बादल्या त्यांनीच नळाखाली लावून ठेवल्या.

"काऊन भाऊ, वहिनी असत्या तर असं पाणी भरलं असतं का तुमी?"

"नाई," मी म्हणालो. "तिनं हातच लावू देल्ला नसता."

हे अगदी खरं होतं. ते वाक्य तोंडातून निघालं आणि मला इतकं बरं वाटलं की मी बादली घ्यायची विसरून तिथेच उभा राहिलो.

त्याचं कारण सांगायला हवं. हिंगणीला तिच्याविषयी कोणी बोलायचं बंद केलं होतं. वर्षभरानं भावजयीनं, कोकिळानं, तिची लुगडी वाटून टाकली. वाईट हेतूनं नव्हे, पेटीत कसर लागत होती म्हणून. मी तिचं नाव काढलं की सगळे ताटात पाहायचे आणि मग कोणीतरी हळूच दुसरीचा विषय काढायचं. आर्वीकडची एक बाई तर त्यांनी माझ्यासाठी पाहूनही ठेवली होती. म्हणून मी बदली मागितली. आणि इथे, या परक्या घरात, रोज सकाळी नळावर कोणीतरी मला विचारत होतं, "वहिनीचं पत्र आलं का?"

शोभाबाईंना सगळं जाणून घ्यायचं असे. वहिनी चहात आलं घालतात का? नाही, तिला आलं चालत नाही. शिवणकाम येतं का? येतं, पण मशीनवर नाही, हातानं. एके दिवशी त्या प्रभाकररावांना हातोडी घेऊन वर घेऊन आल्या. डब्यांसाठी फळी ठोकायची होती.

"वहिनी उंचीनं कशा आहेत?"

मी हात माझ्या खांद्याच्याही खाली धरला. "एवढीशी आहे."

प्रभाकररावांनी बरोबर तिथेच खिळे मारले. फळी इतकी खाली बसली की डबा काढायला मला दरवेळी कमरेत वाकावं लागे. मी वाकायचो. रेशनच्या दुकानात माणसं किती विचारलं तेव्हाही मी दोन म्हणून मोकळा झालो. बाजारातून दोन कप आणले. दुसऱ्या खोलीत कपड्यांसाठी दोरी बांधली आणि अर्धी मोकळी सोडली. कोणी वर आलं तर संशय नको म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो. फळी ठोकल्यानंतर वर कोणी येत नव्हतं.

संध्याकाळी ऑफिसातून आलो की मात्र खोली खोलीच असायची. दार उघडलं की सकाळी जिथे टॉवेल फेकला तिथेच तो पडलेला. दिवसभरात काहीही हललेलं नाही. त्याची मला फार भीती वाटे. मी मुद्दाम खाली जाऊन दुकानात साबण मागायचो, काडेपेटी मागायचो. माझ्याकडे त्या हिवाळ्यात अकरा काडेपेट्या जमल्या. कोणी विचारावं, मी सांगावं, एवढ्यासाठी.

डिसेंबर संपत आला तेव्हा शोभाबाईंनी भरल्या वांग्यांची वाटी पाठवली. परत द्यायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "वहिनी आल्या की त्यायलेबी खाऊ घालतो."

"तिले वांगं नाई चालत," मी फटकन बोललो.

जिना चढता चढता माझे पाय थांबले. वांगं न चालणारी माझी आई होती. माझी बायको वांग्याच्या भाजीसाठी जीव टाकायची. वावरातून ओटीत वांगी घेऊन यायची. हे मी कसं विसरलो? त्या संध्याकाळी मी स्टोव्ह पेटवला नाही. चहातलं आलं तरी खरंच चालत नव्हतं का, हे आठवत बसलो, आणि मला नक्की आठवेना. खोटं बोलून मी तिला जिवंत ठेवतोय असा माझा समज होता. पण नळावर जिची चौकशी व्हायची ती बाई दिवसेंदिवस निराळीच होत चालली होती, आणि खरी माझ्याच हातून निसटत होती. तरी सांगून टाकायचा धीर होईना. सांगितलं तर जागा जाईल, आणि जागेपेक्षाही ते सकाळचं विचारणं जाईल.

संक्रांत आली. तुरी निघाल्या असणार हे प्रभाकररावांनाही कळत होतं, ते व्यापारी माणूस होते. बाजारात नवीन तूर उतरली होती. ते मला पाहून घसा खाकरायचे. मी म्हणायचो, "आता गहू आहे मागं."

रथसप्तमीच्या आधीच्या शुक्रवारी ऑफिसातून आलो तर दुकानावर एकटे प्रभाकरराव.

"शोभा सेलूले गेली, माहेरी. हळदीकुंकू आहे तिकडं. तिथून हिंगणीले जाते म्हणे, तुमच्या फॅमिलीले कुंकू लावून येते. स्टीलची वाटी नेली वाणाची." आणि हसले. "म्हणे, त्या येत नाईत तर मीच जातो."

सेलूहून हिंगणी कितीशी दूर! एवढे दिवस मला हे कसं सुचलं नाही? मी वर गेलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो. आता त्या गावात उतरल्या असतील. आता कोणाला तरी घर विचारलं असेल. आता ओसरीवर कोकिळासमोर हळदीकुंकवाची कोयरी हातात घेऊन उभ्या असतील. पुढचं मला डोळ्यासमोर आणवेना. पेटी ओढली आणि कपडे भरायला लागलो. हाकलायच्या आधी आपणच निघावं, असं ठरवलं.

दिवेलागणीला रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मी जिन्यावर येऊन उभा राहिलो. शोभाबाई उतरल्या. त्यांनी वर पाहिलं, माझ्याकडे, आणि लगेच नजर काढून घेतली. त्यांचे डोळे सुजले होते.

"भेटली का?" प्रभाकररावांनी विचारलं.

"भेटली ना," शोभाबाई पिशवी खाली ठेवत म्हणाल्या. "बरी आहे. कामात बुडाली बिचारी. म्हणे, अजून महिना तरी येणं होत नाई."

"बोलली का काई?"

"बोलली तर! बसवलं मले. चहा पाजला. लय गोड बाई आहे. दुबळी झाली थोडी."

माझी जागा वाचली होती. एका बाईनं, जिला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं, नवऱ्याच्या तोंडावर खोटं बोलून ती वाचवली होती. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटायला हवं होतं. पण मला ते ऐकवेना. आता शोभाबाईसुद्धा तिला रचू लागल्या होत्या, चहा पाजायला लावत होत्या, दुबळी करत होत्या. उद्या सकाळी नळावर त्या नवऱ्याला ऐकू जाईल असं मला विचारतील, मी उत्तर देईन, आणि आम्हा दोघांनाही ठाऊक असेल.

मी जिना उतरलो.

"प्रभाकररावजी, ती नाई भेटली," मी म्हणालो. "माही बायको वारली. दोन वर्सं झाली."

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. हिंगणीला ते माझ्या वतीनं नेहमी दुसऱ्यांनीच सांगितलं होतं. मी दुकानाच्या पायरीवर बसलो, आणि दोन वर्षांचं सगळं तिथे, साखर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासमोर, मोठ्यानं बाहेर आलं.

प्रभाकरराव बायकोकडे पाहत होते. "म्हणजे तू बी... अन् हा एकटा माणूस आपल्या घरात..."

"चूप बसा जी," शोभाबाई म्हणाल्या.

गिऱ्हाईक आपली साखर घेऊन निघून गेलं. प्रभाकररावांनी तराजू बाजूला सारला, गल्ल्यामागून उठले आणि माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसले. मग त्यांनी विचारलं, "काय नाव होतं त्यायचं?"

"देवका," मी म्हणालो.