ताईने पुढे काय शिकावं

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत. एक तर वयाने ती सगळ्यांत मोठी, आणि दुसरं म्हणजे हाक मारल्यावर ओ देणारी ती एकटीच. बाकीच्यांच्या कानात कायम काहीतरी खुपसलेलं असायचं. दुकानदारांच्या बिलांचा एक जुना प्रोग्राम होता, त्याच्या स्क्रीन ताई सांभाळायची. हे बटण तिकडे सरकव, तो रंग जरा गडद कर, कोणाला अक्षर मोठं हवं, कोणाला तेच डोळ्यांत खुपतंय. हात असा बसला होता की काम करता करता संध्याकाळच्या स्वयंपाकाचं ठरवून व्हायचं.

शुक्रवारी टीम लीडरने सगळ्यांना आतल्या खोलीत बोलावलं. जुना प्रोग्राम वर्षअखेर बंद होणार, म्हणाला. नव्यासाठी नवी टीम. प्रत्येकाने एक नवं स्किल निवडायचं, शिकवायची जबाबदारी कंपनीची, आणि कोण काय निवडतंय ते बघूनच नव्या टीममध्ये कोणाला घ्यायचं ते ठरेल. सोमवारी सांगा. उरलेल्यांचं काय, हे तो बोलला नाही आणि विचारायची कोणाची छाती झाली नाही.

ताईला पुढचं सगळं दिसायला लागलं. या वयात नव्याने मुलाखती देत फिरायचं, आणि समोर आपल्या भाच्याच्या वयाचं कोणीतरी बसून विचारणार, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? नको रे बाबा.

सल्ल्यांना काही तोटा नव्हता. भाऊ म्हणाला, डोळे झाकून क्लाउड शिक. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, एआय सोडून बाकी सगळं आता मोडीत. जाऊबाईंचा कॉम्प्युटरशी संबंध सिनेमे बघण्यापुरता, पण त्यांनीही मोबाइल अ‍ॅपची शिफारस करून टाकली. ताईला प्रत्येकाचं पटलं. अडचण झाली ती तिथेच.

दुसरं कोणी डोकं धरून बसलं असतं. ताईने रविवारी सकाळी, आपण काय शिकावं हे ठरवणारा प्रोग्रामच लिहायला घेतला. ही प्रोग्राम लिहिणाऱ्यांची जमातच तशी. भाजी कुठली करायची हे ठरवायलाही आधी कोष्टक आखतील आणि मग उपाशी झोपतील. प्रत्येक स्किलला मागणी किती, पगार किती, शिकायला अवघड किती, असे गुण द्यायचे. बेरीज-वजाबाकी करून प्रोग्राम पहिला नंबर सांगणार.

समोर सोफ्यावर नणंद सफरचंद खात पसरली होती. ती शाळेत खेळाची शिक्षिका आणि सुट्टीच्या दिवशी सामन्यांची पंच; आज सामना नव्हता म्हणून तिचं सगळं लक्ष वहिनीवर.

दुपारी ताई एकदम खो खो हसायला लागली.

"काय झालं?"

"अगं, स्किलच्या जागी मी 'झोप' टाकलं. मागणी भरपूर, अवघड शून्य. तर हा शहाणा सांगतो, झोप शिका, पहिला नंबर!"

मग तिने ती चूक दुरुस्त केली. मग नाव न लिहिताच गुण टाकले, प्रोग्राम गप्प बसला. तेही दुरुस्त केलं. मग एकच स्किल दोनदा घातलं. चहा गार झाला, तिला पत्ताच नाही.

"वहिनी, उत्तर काय आलं पण?" नणंदेने शेवटी विचारलं.

"कसलं उत्तर?"

"उद्या साहेबाला काय सांगणार ते!"

"अगंबाई, ते सकाळीच आलं. एआय."

"मग दिवसभर काय चाललंय तुझं?"

"बघत होते, कुठे कुठे मोडतंय."

नणंदेने दुसऱ्या सफरचंदाचा देठ बशीत टाकला. "शुक्रवारपासून तोंड एवढंसं करून फिरतेयस. आज पहिल्यांदा हसलीस, तेही काहीतरी मोडलं तेव्हा. मोडून बघायचंच काही शिकायला नसतं का तुमच्यात?"

"असतं की. टेस्टिंग. प्रोग्राम तपासणारे प्रोग्राम लिहायचे. पण ते कोणी हौसेने घेत नाही."

"दुसऱ्याच्या चुका काढायला तुला कोर्स कशाला लागतोय? पण घे. निदान घरातलं तरी कमी होईल."

ताईने उशी फेकून मारली. रात्रभर मात्र ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

सोमवारी एकेक जण आत जाऊन एआय सांगून बाहेर आला. ताईने टेस्टिंग म्हटलं तसा टीम लीडरचा चेहरा पडला.

"ताई, तुम्ही पण ना! हे काम कोणी मागून घेतं का? नव्या टीममध्ये मी तुम्हाला कुठे बसवू? संध्याकाळपर्यंत बदला हवं तर."

एआय एवढंच म्हणायचं होतं, की ताई सुटली. शब्द अगदी जिभेवर आला होता. तिने तो गिळला.

"मी मागून घेतेय. मला आवडतं ते."

इतक्या वर्षांत तिला काय आवडतं हे या खोलीत कोणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही कधी सांगितलं नव्हतं. बोलून झाल्यावर तिला भीती वाटली आणि बरंही वाटलं.

टीम लीडरने लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. "हा बघा नव्या प्रोग्रामचा नमुना. एआयने चुटकीसरशी लिहून दिला. मस्त चालतोय. यात तपासायचं काय?"

ताईने एक बिल केलं आणि 'सेव्ह' धडाधड तीनदा दाबलं.

"असं कोण दाबतं?"

"दुकानदार. समोर रांग असते, त्याला कुठला धीर?"

एकाच गिऱ्हाइकाची तीन बिलं झाली. टीम लीडरने घाईघाईने त्यातलं एक रद्द केलं. तिन्ही गायब झाली.

मग त्याने बाजूची खुर्ची ओढली.

"बसा ताई. आणखी कुठे मोडेल हे?"

"ते आत्ताच कसं सांगू?" ताई बसत म्हणाली. "मला शिकायचंय ना अजून."