तेलपट्टीवरची ओळ

मित्रांनो, माझ्या चाकांखालून आजवर तीन लाख ऐंशी हजार किलोमीटर रस्ता गेला आहे. मी लांब पाठीची, पांढऱ्या रंगाची एक जुनी मोटारगाडी आहे. पांढरा म्हणायचा एवढेच. टपावरचा रंग उन्हाने केव्हाच खाल्ला. तरी माझी गोष्ट मलाच सांगितली पाहिजे, कारण तिच्यात एका बाईवर आळ आला आणि त्यात माझाही हात होता.

माझा जन्म जपानचा. तिथे माझे स्टिअरिंगचे चक्र उजव्या बाजूला होते. अकरा वर्षे एका शांत कुटुंबाने मला वापरले आणि मग विकून टाकले. जहाजातून मी चिलीच्या किनाऱ्यावर उतरले. तिथल्या कामगारांनी माझे चक्र उपटून डाव्या बाजूला बसवले. उजवीकडे जे भोक पडले त्यावर प्लास्टिकचा तुकडा ठोकला. तो अजून खडखडतो. मग डोंगर ओलांडून मला पॅराग्वेत आणले. इपाकाराई गावात माझ्यासारख्या चिलीमार्गे आलेल्या गाड्या घरोघरी आहेत, त्यामुळे मला कोणी परकी म्हटले नाही. माझे सगळे काही बदलले. बदलली नाहीत ती फक्त अक्षरे. दारावर, झाकणाखाली, तेल मोजायच्या पट्टीवर जिथे जिथे काही कोरले होते, ते जपानीतच राहिले. ते वाचणारे घरात कोणी नव्हते.

मला विकत घेतले बासिलियोने. तीस वर्षे बस चालवून तो घरी बसला होता. पण मला चालवू लागली ती त्याची बायको सेफेरिना. तिचा डोंगरावरच्या काकुपे गावच्या बाजारात पाल्याचा ठेला होता. तेरेरे या इथल्या गार चहाच्या पाण्यात कुटून टाकायचा पुदिना, गवती चहा, पोटाला बरी मुळी, झोपेला बरी फुले, असे सगळे ती विकायची. बावन्नाव्या वर्षी ती गाडी शिकली, तीही गावच्या फुटबॉलच्या मैदानात, एकटी. माझे गिअर आपोआप बदलतात, पायाखाली क्लच नाही. म्हणून ती म्हणायची, "बासिलियो, तुझी बस म्हणजे कुस्ती होती. ही गाडी समजूतदार आहे."

"गिअर न टाकता चालते ती काय गाडी?" बासिलियो म्हणायचा. "झोपाळा आहे तो."

"मग बस झोपाळ्यावर आणि गप्प राहा."

रोज पहाटे जुड्या माझ्या पाठीत रचून ती डोंगराची चढण चढायची. बाजारातल्या बायका तिला वाट करून द्यायच्या. शेजारच्या ठेल्यावरची न्या तोमासा, म्हणजे तोमासाबाई, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणायची, "बाजूला व्हा गं, मंत्रीणबाईंची मोटार आली." सेफेरिना लटकेच रागवायची, पण उतरताना दार मुद्दाम जरा जोरात लावायची. मित्रांनो, ते माझे सर्वांत चांगले दिवस होते. माझ्या गादीला अजून पुदिन्याचा वास येतो.

माझ्यासारख्या गाडीत गिअरच्या पेटीतले तेल फार मोलाचे असते. इंजिनाचा जोर ते तेलच चाकांपर्यंत नेते. माझे तेल कित्येक वर्षांत कोणी बदलले नव्हते. ते काळपट झाले होते, जळका वास मारत होते. गावातला मिस्त्री इथल्या बोलीत साहेब म्हणून हाक मारत म्हणाला, "काराई, इतक्या चाललेल्या पेटीला हात लावू नका. जुन्या तेलावरच तग धरून आहे ती." बासिलियो हसला. म्हणाला, "तीस वर्षं गाड्याच हाताळल्यात मी. मला घाबरवू नकोस."

जुलै संपत आला होता. इथे ऑगस्ट हा वाईट महिना मानतात. त्याच्या पहिल्या सकाळी लोक उपाशीपोटी सताप आणि लिंबू घातलेली उसाची दारू घोट घोट पितात, म्हणजे महिना सुखाचा जातो. त्यामुळे आदल्या दिवशी सतापीच्या जुड्यांवर लोकांची झुंबड उडते. सेफेरिनाला त्या दिवशी गाडी धडधाकट हवी होती. म्हणून दोन दिवस आधी बासिलियोने मला आंब्याखाली चार विटांच्या रचांवर चढवले आणि स्वतः खाली सरपटला.

काम त्याने मन लावून केले, हे मी सांगते. खालचा बोल्ट सैल करून जुने तेल परातीत सोडले. पेटीच्या तळाचे ताट काढून धुतले, त्यातल्या चुंबकांवर जमलेला काळा लगदा पुसला, जाळी बदलली, नवे पॅकिंग बसवले. मग पट्टीच्या नळीत नरसाळे लावून लालभडक नवे तेल ओतू लागला. थोडे ओतायचे, पट्टी काढायची, पुसायची, पुन्हा घालून बघायची. पट्टीवर वरच्या खुणेपर्यंत तेल दिसले तेव्हा त्याने हात थांबवला.

सेफेरिना दारात उभी राहून पुदिना निवडत होती. "डब्यात बरंच उरलं की," ती म्हणाली. "जेवढं काढलंस तेवढं गेलं का आत?"

"पट्टी खोटं बोलते का?"

"मी फक्त विचारलं."

"तू पाला कूट. पेट्या माझ्याकडे सोड."

ती आत गेली. त्या पट्टीवर बारीक अक्षरांत एक ओळ कोरलेली आहे: इंजिन चालू ठेवून मोजा. इंजिनाचे तेल गाडी बंद करून मोजतात, आणि बासिलियोने आयुष्यभर तेच केले होते. पण गिअरच्या पेटीचे तसे नसते. गाडी बंद केली की आतल्या वाटांमधले तेल खाली उतरते आणि आहे त्यापेक्षा जास्त दिसते. माझ्या पोटात लिटरभर तेल कमी होते. मला ती ओळ पाठ होती, पण मला तोंड नव्हते.

आणि त्याहून वाईट केले ते मी संध्याकाळी. बासिलियोने मला चौकाभोवती दोन फेऱ्या मारून आणले. रस्ता सपाट होता, ओझे नव्हते, मी थंड होते. आत कुठेतरी जोर चाकांपर्यंत न पोचता निसटत होता. जरा झटका दिला असता तर त्याला तेव्हाच कळले असते. पण तो माझ्या चक्रावर थाप मारून "शाब्बास म्हातारे" म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा माझे कौतुक केले होते. मी अंग सावरून गुमान चालले.

जुलैच्या शेवटच्या दिवशी सेफेरिना मला सतापीने गच्च भरून निघाली. अर्ध्या चढणीवर मी तापले आणि आतले तेल अपुरे पडले. इंजिन ओरडत होते, चाके फिरत नव्हती. मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या. तिने शांतपणे मला मागे घरंगळू देत कडेला घेतले. दुपारपर्यंत ती उन्हात बसून होती. जुड्या कोमेजल्या.

एका ट्रकवाल्याने दोर लावून मला बाजारापर्यंत ओढत नेले. बासिलियो बसने तिथे येऊन पोचला. त्याने झाकण उघडले, जळका वास घेतला. बायका गोळा झाल्या होत्या. तो क्षणभर थांबला. मिस्त्रीचे बोलणे त्याला आठवले असेल, डब्यात उरलेले तेलही आठवले असेल. मग तो सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाला, "दोन्ही पाय दोन्ही पेडलवर ठेवून चालवते ही. पेटी जाळली माझी."

सेफेरिनाने त्याच्याकडे पाहिले. मग खिशातून किल्ली काढली, त्याच्या हातावर ठेवली आणि सतापीच्या जुड्या उतरवू लागली.

त्यानंतर ती माझ्या चक्रामागे कधी बसली नाही. गाठोडी घेऊन बसने जायची. बाजारात एखादे गिऱ्हाईक थट्टेत म्हणायचे, "हिला गाडी देऊ नका, पेटी जाळते," आणि ती हसून पाला बांधून द्यायची. मी अंगणातून गिरणीपर्यंत, गिरणीपासून अंगणापर्यंत, एवढीच सपाटीवर फिरत राहिले. पुढच्या वर्षी हिवाळ्यात तिची छाती भरली. तिला दवाखान्यात नेले ते शेजाऱ्याच्या गाडीतून, कारण मी चढण चढत नव्हते. ती परत आली नाही. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, त्याचा माझ्याशी संबंध नव्हता. मला मात्र आंब्याखाली उभे राहून दुसरे काही सुचत नसे.

बासिलियोचे घर गप्प झाले. तो दोन माणसांचे पाणी भरायचा आणि अर्धे ओतून द्यायचा. शेवटी त्याने मला विकायला काढले.

बघायला आला ला कोल्मेनाचा एक द्राक्षवाला, ओकाबे. त्याचे आजोबा जपानहून येऊन त्या गावात स्थायिक झालेले. त्याला मी सुट्या भागांसाठी हवी होते.

"पेटी गेलीय," बासिलियो म्हणाला. "बायकोने जाळली."

ओकाबेने पट्टी बाहेर काढली, पुसली, डोळ्यांजवळ धरली. "थांबा. ही अक्षरं शिकवताना आजोबांनी माझे कान लांब केले होते, आज उपयोग होऊ दे." मग तो म्हणाला, "तेल मोजताना इंजिन चालू ठेवायचं, असं लिहिलंय इथे. तुम्ही कसं मोजलं होतं?"

"बंद करून. तेल बंद करूनच मोजतात."

"इंजिनाचं. हे गिअरचं. चालू करा बघू, जरा तापू दे."

मी तापल्यावर त्याने पुन्हा पट्टी घातली. काढली तेव्हा फक्त टोक ओले होते. "काराई, पेटी जळली नाही हो. उपाशी आहे. कोणी बदललं होतं तेल?"

बासिलियोने पट्टी हातात घेऊन ते ओले टोक पाहिले. मग म्हणाला, "मी."

दोघांनी लिटरभर नवे तेल घातले आणि मला चढणीवर नेले. माझी पेटी थोडी झिजली होती, दुसऱ्या वळणावर मी जरा अडखळले, पण चढले. वर पोचल्यावर ओकाबेने काच खाली केली. "मी ही तोडायला नेणार नाही," तो म्हणाला. "तुम्हीच ठेवा." बासिलियोने मान डोलावली. हात चक्रावर ठेवून तो समोरच्या दरीकडे पाहत होता. मला वाटले, आता तो मला दरीत ढकलेल. बरे झाले असते, असेही वाटले.

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन बाजारात गेला. बायकांच्या रांगेसमोर मला उभे केले आणि उतरला. टोपी काढून हातात धरली.

"सेफेरिनाने पेटी जाळली नव्हती," तो म्हणाला. "मी तेल कमी घातलं होतं. मी तिच्यावर ढकललं. हे मी इथेच बोललो होतो, म्हणून इथेच सांगतो."

न्या तोमासा खलातला पाला कुटत राहिली. मग हात थांबवून म्हणाली, "आम्हाला ठाऊक आहे, बासिलियो."

"कसं?"

"तिनेच सांगितलं होतं. त्याच आठवड्यात. म्हणाली, तेल कमी पडलंय, पण त्याला कोणी बोलायचं नाही. तीस वर्षं गाडीच चालवली त्याने, दुसरं काय आहे त्याच्याकडे मिरवायला. कधीतरी स्वतःच येऊन सांगेल मला, म्हणाली. वाट बघत होती."

तो माझ्या पुढच्या चाकाला टेकून खाली बसला, रस्त्यातच. न्या तोमासाने त्याला पाणी दिले. ते तसेच त्याच्या हातात राहिले.

आता तो दर मंगळवारी मला धुतो. पट्टी काढतो, इंजिन चालू ठेवून. तेल बरोबर खुणेवर असते. तरी तो पुन्हा पुसून पुन्हा बघतो. मला त्याची कीव येते आणि माझी मलाही.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी गाडी असेल तर तिच्याकडे लक्ष द्या. तिचे तेल वेळेवर बदला, घाई करू नका, तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचा, आणि वाचता येत नसेल तर ज्याला येते त्याला विचारा. त्यात कमीपणा नाही. आणि तुमच्या हातून चूक झाली, तर ती ज्याच्यावर ढकलली त्याच्याजवळ जाऊन तो असेपर्यंत सांगा. मी गप्प राहिले, कारण मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.