सात वाचतात, तीन मरतात

ओटीवर बसलेल्या जमुनाला पाहिलं आणि प्रियदर्शिनी अंगणातच थबकली. नारळी पौर्णिमेच्या सुमारास हीच बाई कमरेवर हात ठेवून अख्ख्या कोळीवाड्याला ऐकू जाईल अशी हसत होती. आणि आता शिमगा होतोय न होतोय तोवर हातापायांच्या काड्या, गालफडं बसलेली, आणि पोट मात्र दिवस भरल्यासारखं पुढं आलेलं. लेक उजवून मोकळ्या झालेल्या बाईचं पोट हो! बघवत नव्हतं.

आता प्रियदर्शिनीचं इथं काय काम, तर लोकांना प्रश्न विचारायचे. आजारपणात पुढं काय होईल ते कुणालाच ठाऊक नसतं, तरी माणूस 'हो' नाहीतर 'नको' म्हणतोच. ते तो कशाच्या जोरावर म्हणतो, यावर तिची पीएचडी चालली होती. जुईनगरला घरी तिचे वडील बाबासो, साताऱ्याहून येऊन मार्केटात पोती वाहून संसार उभा केलेला गडी, येईल त्या पाहुण्याला सांगायचे, "पोरगी डॉक्टर व्हनार हाय आमची. पन सुई न टोचनारी!"

पहिल्या फेरीत ऐरोलीच्या खाडीकाठच्या या वस्तीत तिला दवाखान्यातल्या नर्सनंच आणून सोडलं होतं. झालं! लोकांनी तिला दवाखान्याचीच धरली. तिचा प्रश्न साधा होता. समजा, एका बाईच्या पोटात गाठ आहे. ऑपरेशन केलं तर दहापैकी सात जणी वाचतात. तर तिनं करावं का? हे एका घरात. शेजारच्या घरात तोच प्रश्न उलटा करून: दहापैकी तीन मरतात, तर करावं का? हिशेब एकच, पण सांगायची तऱ्हा बदलली की ऐकणाऱ्याचं उत्तर बदलतं, हे तिला दाखवायचं होतं. आणि उत्तरं बदललीही. पीएचडीचे सर खूश, ही त्यांच्याहून खूश. आज ती त्याच घरांत पुन्हा आली होती, माणसं आपल्या उत्तराला धरून आहेत का ते बघायला.

"मावशी, अहो काय झालं तुम्हाला?" खांद्यावरची पिशवी तिनं तिथंच टाकली.

"गाठ हाय ना पोटान," जमुना म्हणाली, पापलेटचा भाव सांगावा तशी. "तुला तं म्हाईतच हाय."

"मला? मला कसं माहीत असणार?"

"मोठ्या डाक्टरनं गनपतीनंतरची तारीख दिली होती. माझा घरवाला, रोहिदास, सगली तयारी करून बसलेला. मीच नाय गेली."

"पण का नाही गेलात?"

जमुनानं तिच्याकडं नवलानं पाहिलं. "तूच सांगलंस ना, जाऊ नको म्हनून."

प्रियदर्शिनी उडालीच. असं काही आपण बोललोच नाही, हे ती तीन-तीनदा सांगायला लागली. जमुनानं हात वर करून तिला थांबवलं. आवाजात राग नव्हता. उलट माया होती, आणि तेच भयंकर होतं.

"आयक बाय. मला बोललीस, सात जगतान. मला बरं वाटलं. मंग भिंतीपल्याड रखमाकडं गेलीस, माझ्या जावंकडं, आनि तिला बोललीस, तीन मरतान. आमच्यात वाईट बोल आजारी मानसाच्या तोंडावर कोन बोलत नाय. शेजारच्या घरान सांगतान. मंग शेजारीन येते, बाजूला बसते, काय बोलत नाय, पन आपल्याला कलतं. माझा बापूस जायच्या टायमाला बी डाक्टरनं काकीलाच सांगलेलं. तू गेलीस त्या सांजेला रखमा जिताड्याचं कालवन घेऊन आली, माझ्याकडं बघून रडली. मी बोलली, बस, समजलं. पोरगी शिकलेली हाय, तरी रीत पालली तिनं."

प्रियदर्शिनीनं तिचा हात धरला. "अहो मावशी, दोन्ही एकच आहे! दहातल्या सात वाचल्या म्हणजे तीन गेल्या. तेच ते!"

"एकच हाय, तं दोन घरान दोन का सांगलंस?"

यावर द्यायला उत्तर होतं. चांगलं पानपानभर लिहिलेलं उत्तर होतं, सरांनी त्याचं कौतुकही केलं होतं. पण त्या ओटीवर, त्या पोटासमोर ते सांगण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात आवाज ऐकून रखमा पलीकडून आली आणि दारातूनच म्हणाली, "बरी आलीस गो. त्या मेलेल्या तिघी कुठल्या होत्या, घनसोलीच्या की बेलापूरच्या? हिच्यासाठी गावदेवीला नारल ठेवला तवा त्यांच्या नावाचा बी येक ठेवला. पोरं असतील त्यांची."

"त्या..." प्रियदर्शिनी म्हणाली. "त्या तिघी नाहीतच, मावशी. त्या सातजणीही नाहीत. आकडे मी मनानं धरले होते. प्रश्नासाठी."

रखमानं स्वतःच्या कपाळावर थाडकन हात मारला. "तुझं तलपट होवो ते! नसलेल्या बायांपायी माझी जाऊ मारलीस का गो?"

अवचित कुणी थोबाडीत मारावी तशी जमुना बघत राहिली. तिनंही शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं प्रियदर्शिनीला झालं. ती तिथंच खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. "चुकलं माझं. मला खरंच ठाऊक नव्हतं तुम्हालाच गाठ आहे ते. मी 'समजा' म्हटलं होतं."

"समजा म्हनून बोलतान, ते आयकनाऱ्याचंच असतं ना!" रखमा कडाडली. "लोकाच्या घरचं कोन समजा म्हनून सांगतं?"

डोळे पुसून प्रियदर्शिनी उठली. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. मी येते." रखमानं धक्क्यावरून रोहिदासला बोलावून आणलं. तो हातातलं जाळं तिथंच टाकून तसाच, ओल्या हातांनी रिक्षात बसला.

तारीख देणाऱ्या त्याच मोठ्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हात धुतले आणि प्रियदर्शिनीला, ही हिची मुलगी असावी असं समजून, हळूच म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर या."

ती निम्मी उठलीही. जमुनाची नजर तिच्यावर होती. ती परत बसली. "इथंच सांगा डॉक्टर. त्यांच्यासमोर."

डॉक्टरांनी रोहिदासकडं पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता. "त्या वेळी आला असता तर गाठ सुटी होती, अलगद निघाली असती," डॉक्टर म्हणाले. "आता ती आतड्याला चिकटलीय असं वाटतं. नक्की काय ते पोट उघडल्यावरच कळेल. करायचं असेल तर आता एक दिवसही घालवू नका."

जमुना प्रियदर्शिनीकडं वळली. "आता सांग. मी सातान, का तिनान?"

आयुष्यात पहिल्यांदाच प्रियदर्शिनीकडं प्रश्न नव्हता, आकडा नव्हता, सांगायची तऱ्हा नव्हती. "मला नाही माहीत, मावशी," ती म्हणाली. "यांनाही नाही. कुणालाच नाही माहीत."

जमुनानं तिचं तोंड न्याहाळलं. मग पदरानं आपलंच तोंड पुसलं.

"मंग पयल्या दिवशी हेच बोलायचं होतंस ना गो," ती म्हणाली. "मी तवाच आली असती."