लेडी ऑगस्टाच्या दिवाणखान्यात

सूप

लंडनला निघण्याआधी सायलस टल्कनं न्यूफाउंडलंडच्या विधानसभेत मूठ आपटून सांगितलं होतं, पश्चिम किनाऱ्याची एक खाडीसुद्धा फ्रेंचांना मिळणार नाही. मंत्री नवऱ्याचं ते भाषण टॅम्सिननं गॅलरीत बसून ऐकलं होतं. तिचा भाऊ रूबेन त्याच किनाऱ्यावर, केटल खाडीत, शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, डब्यात भरायचा कारखाना चालवायचा. तिथं मासेमारीचा हक्क देणाऱ्या जुन्या तहावर बोट ठेवून फ्रेंच तो उखडायला टपले होते.

आता लंडनमध्ये, वसाहत खात्यातल्या सर लायनेलच्या घरी जेवताना, सायलस त्यांच्या प्रत्येक विनोदाला सगळ्यांच्या आधी हसत होता.

मासा

"तुमच्या मानाखातर मुद्दाम शेवंड," सर लायनेलची बायको लेडी ऑगस्टा म्हणाली.

"आमच्याकडे ही बटाट्याच्या वाफ्यात खत म्हणून घालतात," टॅम्सिन म्हणाली.

"म्हणजे तुमचे बटाटे आमच्यापेक्षा झकास जेवतात," सर लायनेल म्हणाले.

सायलस हसला. टेबलाखाली त्यानं तिच्या बुटावर बूट दाबला.

मांस

आलं, गेलं.

बंद दार

रिवाजाप्रमाणे बायका उठल्या. पुरुष दारू आणि चिरूट घेऊन मागं राहिले. तिथं काय बोलणं झालं ते टॅम्सिनला ऐकू आलं नाही. म्हणून ते इथंही नाही.

कॉफी

"तुमचे यजमान फार समंजस हो," लेडी ऑगस्टा म्हणाली. "वसाहतीतली माणसं हटून बसतात, असं आमचे हे म्हणायचे. पण टल्कसाहेबांनी आपणहून केटल खाडी सोडली. फ्रेंच खूश, सरकार खूश, तिकडच्या आपल्या रेल्वेचा मार्ग मोकळा."

"आपल्या?"

"आमचे हे आणि टल्कसाहेब, भागीदार ना दोघं. तुम्हाला ठाऊक असेलच. नवऱ्यांच्या पोटात काही राहतं थोडंच. साखर?"

"ठाऊक आहे," टॅम्सिन म्हणाली. "साखर नको."

बग्गी

"एवढ्या खाड्या पडल्यात. केटलच कशी रे आठवली तुला?"

सायलसनं आधी खिडकीची काच वर ओढली.

"घरची दिली. परक्याची दिली असती तर लोकांनी मला फाडून खाल्लं असतं. मेहुण्याची गेली म्हटल्यावर कोण काय बोलणार? उलट म्हणतील, माणूस निःस्वार्थी."

"रूबेननं दारोदार फिरून तुला मतं मिळवून दिली."

"म्हणूनच तो समजून घेईल."

"आणि मी त्याला तुझी रेल्वे सांगितली तर?"

"सांग की. पण भागीदारी कुणाच्या नावावर आहे तेही सांग." तो तिच्याकडे वळला. आवाज अगदी मऊ होता. "मंत्र्यानं धंद्यात दिसू नये, टॅमी. मागच्या हिवाळ्यात तू सही केलीस ना, ती त्याच कागदांवर. वाचायला दिले होते मी. तू म्हणालीस, 'तू आहेस ना, मी काय वाचू.'"

टॅम्सिनला ती सही आठवली. तेव्हा तिचे हात पिठाचे होते.

"रूबेनला तूच भेट," तो म्हणाला. "नाहीतर त्याला ते आपल्याच आरमाराचा कप्तान सांगेल, कारखाना पाडताना."

थंडी होती. त्यानं बग्गीतली घोंगडी तिच्या गुडघ्यांवर पसरली. तिनं ती सारली नाही.

"जाते मी," ती म्हणाली.

"काय सांगशील?"

रूबेनला सांगायची हकिकत ती मनात जुळवू लागली. सायलसचं नाव कुठं घालावं ते तिला केव्हाच सुचलं होतं. आपलं कुठं झाकावं, तेवढंच अडलं होतं.