मामांचा दहा वॉटचा व्हेप

मित्रांनो, दूरदेशी तेमिरताऊ नावाच्या शहराच्या बाजारात एका दुकानाच्या काचेच्या कपाटात, अगदी खालच्या फळीवर मी पडून असतो. मी एक जुना, साधा व्हेप, म्हणजे विजेवर चालणारी वाफेची सिगारेट आहे. दुकानदार मेदेतने माझ्यापुढे एक कार्ड उभं केलं आहे : 'हिमयुगातला नमुना. हात लावू नये.' गिऱ्हाइकं वाकून ते वाचतात, हसतात आणि वरच्या फळ्यांकडे वळतात.

ऐकणारे तुम्ही लहान आहात, म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. मी खेळणं नाही. माझ्या टाकीतल्या द्रवात निकोटीन असतं. ते विष आहे, आणि एकदा लागलं की माणसाला सोडत नाही. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही, त्याने मला हातसुद्धा लावू नये. माझा उपयोग फक्त एका प्रकारच्या माणसाला होतो. ही गोष्ट तशाच एका माणसाची आहे.

माझा जन्म शेन्झेनच्या एका कारखान्यात झाला. बोटाएवढी बॅटरी, काचेची छोटी टाकी, एक बटण आणि मधोमध बारीक तारेचं वेटोळं, त्याच्या आत कापूस. बटण दाबलं की तार तापते, कापसात मुरलेल्या द्रवाची वाफ होते आणि माणूस ती ओढतो. त्यात काहीही जळत नाही. सिगारेटमध्ये आणि माझ्यात मुख्य फरक तेवढाच. निळी टोपी घातलेल्या एका बाईंनी मला पाच सेकंद तापवून पाहिलं आणि खोक्यात भरलं.

ते खोकं उघडलं बाल्गाबायमामांनी. खरं तर ते मेदेतचे मामा, त्याच्या आईचे धाकटे भाऊ. पण दुकानात सगळे त्यांना मामाच म्हणत, म्हणून मीही म्हणतो. वय चौपन्न. पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायचे. क्रेनच्या खोलीपर्यंत त्रेसष्ट पायऱ्यांची उभी लोखंडी शिडी होती. एकोणिसाव्या वर्षापासून रोज दोन पाकिटं ओढून मामांची छाती अशी झाली होती, की त्या शिडीवर त्यांना चार वेळा थांबावं लागे.

मार्चच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरीणबाईंनी त्यांना नळीत फुंकायला लावलं. आकडा पाहून त्या म्हणाल्या, "एक वर्ष देते. पुढच्या मार्चला असंच फुंकलंत तर क्रेन विसरायची. खाली झाडू मारायला माणसं लागतातच."

त्याच संध्याकाळी मामा भाच्याच्या दुकानात आले.

"सगळ्यात साधं दे," ते म्हणाले. "एक बटणवालं. दुसरं बटण असलं की मी चुकीचंच दाबणार."

पहिले अकरा दिवस मामांच्या एका खिशात मी होतो आणि दुसऱ्यात सिगारेटचं पाकीट. बाराव्या दिवशी पाकीट संपलं आणि त्यांनी नवं घेतलं नाही. सांगताना किती सोपं वाटतं. त्या दिवशी मामांनी मला एकशे चाळीस वेळा ओठांना लावलं, आणि जेवताना मीठ कमी पडलं म्हणून ते मामीवर ओरडले, कुल्याशमामीवर, जिच्यावर ते कधीच ओरडत नसत. मामीने मीठ पुढे सरकवलं. महिन्याभराने तिने त्यांचा कोट नाकाशी धरला.

"तीस वर्षांत पहिल्यांदा याला कोटाचा वास येतोय," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "बारीकसं आहे, पण कामाचं आहे." माझ्या आयुष्यातली सगळी स्तुती एवढीच.

मामा मला छातीच्या खिशात ठेवत, त्यामुळे शिडीवरचे त्यांचे थांबे मी मोजत असे. जूनमध्ये तीन. ऑगस्टमध्ये दोन. पहिला बर्फ पडला तेव्हा एक.

आता माझे दोषही सांगतो, नाहीतर गोष्ट खोटी होईल. मामांची पाळी बारा तासांची आणि माझी बॅटरी नवव्या-दहाव्या तासाला मान टाकायची. उणे तीस अंशांच्या थंडीत माझा द्रव घट्ट व्हायचा, तेव्हा मामा मला काखेत धरून ऊब द्यायचे. दर दहा दिवसांनी आतली कॉइल, म्हणजे ते तारेचं वेटोळं, बदलावी लागे. कधी कधी मी खिशात गळायचो. त्यामुळे मला बदलून मोठा व्हेप घ्यावा का, हा प्रश्न मामांपुढे खरोखरच होता.

डिसेंबरमध्ये ते कॉइली घ्यायला दुकानात गेले. मेदेत आणि त्याचा मित्र दाउरेन वाफेचे ढग सोडत बसले होते.

"या मामा. अजून ते बॉलपेनच चोखताय का?" मेदेतने विचारलं.

"चोखतोय. शाई तुझ्याकडूनच नेतो ना?"

"अहो, सोडा आता. पहिलीची पाटी घेऊन माणूस कॉलेजात जातो का? हे बघा." त्याने विटेएवढा एक व्हेप पुढे ठेवला. त्याला दोन बॅटऱ्या होत्या आणि पुढे उजळ पडदा. "ऐंशी वॉट. तुमचं दहा. दोन दिवस चार्ज करायला नको. भाचा दुकानदार आणि मामाच्या हातात ही काडी! लोक मला हसतात."

मामांनी तो हातात घेऊन वजन पाहिलं, एक झुरका ओढून पाहिला आणि खाली ठेवला. घरी येऊन त्यांनी मामीला सगळं सांगितलं. बॅटरीचा प्रश्न सुटेल, थंडीचा सुटेल.

"मग घेणार?" मामीने चहात दूध ओतत विचारलं.

"नाही. मार्च होऊ दे. गाडी चालू आहे तर इंजिन कशाला उघडायचं?"

"शहाणे आहात," मामी म्हणाली. माझं नशीब ठरलं असं मला वाटलं.

पण तुमच्याकडे असतं तसंच इथेही मामा-भाच्याचं नातं वेगळंच असतं. इथल्या रीतीप्रमाणे भाचा आयुष्यात तीन वेळा मामाकडे काहीही मागू शकतो आणि मामाला नाही म्हणता येत नाही. मेदेतने सातव्या वर्षी शिंगरू मागितलं होतं आणि पंधराव्या वर्षी दुर्बीण. तिसरं मागणं त्याने राखून ठेवलं होतं.

जानेवारीत मामांच्या मुलीचं, अक्जानचं लग्न ठरलं आणि व्याही मंडळी जेवायला आली. दस्तरखानाभोवती, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडाभोवती, वीस माणसं बसली होती. चहा चालू असताना मेदेत उठून उभा राहिला.

"मामा, माझं एक मागणं शिल्लक आहे."

घोडा मागतो की गाडी, हे बघायला व्याही पुढे सरकले.

"तुमचं ते पेन द्या मला. आणि बदल्यात हे माझ्याकडून." त्याने तो विटेएवढा व्हेप मामांपुढे ठेवला.

हशा पिकला. मामीचा चहा ओतणारा हात तिथेच थांबला.

"दुसरं काही माग," मामा हळूच म्हणाले. "गाडी माग, मेदेत. गाडी नेलीस तरी चालेल."

लोकांना तो विनोद वाटला आणि हशा दुप्पट झाला. पण माझं बटण मामांच्या अंगठ्याखाली होतं आणि खिशातल्या खिशात त्यांनी मला घट्ट धरलं होतं. व्याह्यांदेखत रीत मोडता येईना. त्यांनी मला खिशातून काढलं, बाहीला पुसलं आणि भाच्याच्या हातावर ठेवलं.

पुढचं मी मेदेतच्या खिशातून अनुभवलं. मामांनी आपल्या नेहमीच्या बाटलीतला द्रव नव्या व्हेपमध्ये भरला. इथे थोडं नीट समजून घ्या, मित्रांनो. माझी वाफ थोडी, म्हणून माझ्यात तिखट, म्हणजे जास्त निकोटीनचा, द्रव घालावा लागतो. ऐंशी वॉटच्या व्हेपची वाफ कितीतरी पट जास्त, म्हणून त्यात अगदी सौम्य द्रव घालायचा असतो. तिखट द्रव त्यात घातला तर माणूस एका झुरक्यात माझे आठ-दहा झुरके गिळतो. मेदेतला हे पक्कं माहीत होतं. त्याच्या धंद्याचं ते पहिलं अक्षर.

"अरे, मामा जुनाच द्रव ओततायत," मेदेतसोबत आलेला दाउरेन कुजबुजला. "सांग की."

"थांब रे. जरा गरगरेल. गंमत बघ," मेदेत म्हणाला.

मामांनी सवयीने चार लांब झुरके घेतले. त्याच वेळी परात आली, मेंढीच्या शेपटीची चरबी आणि कलेजी. दोन्हीकडच्या व्याह्यांनी ती एकमेकांना हाताने भरवली की नातं पक्कं होतं. त्यानंतर मागे फिरता येत नाही. व्याह्यांनी मूठभर चरबी मामांच्या तोंडात घातली. मामांच्या कपाळावर घाम फुटला. त्यांनी गिळलं. उठायचा प्रयत्न केला. आणि तिथेच, दस्तरखानावर, सगळ्यांसमोर ते ओकले.

मग व्याही हात पुसत म्हणाले, "आमचं नातं काही व्याह्यांच्या पोटात राहिलं नाही."

कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. अक्जान आतल्या खोलीत निघून गेली.

मामा भिंतीला धरत अंगणात गेले. वाऱ्याने बर्फ उडत होता. व्याह्यांकडचे तीन-चार जण तिथे सिगारेट ओढत उभे होते. मेदेतही मागोमाग आला. मामांनी त्याच्यापुढे हात पसरला.

"जरा दे रे ते. एकच झुरका. छातीत धडधडतंय, हात रिकामा ठेववत नाही."

खरं तर त्या घडीला त्यांना निकोटीन नकोच होतं, अंगात भरपूर झालं होतं. पण पस्तीस वर्षांचा हात रसायनशास्त्र ऐकत नाही. मेदेतने मला बाहेर काढलं, मामांच्या नाकापुढून फिरवलं आणि परत खिशात टाकलं.

"मागितलेलं परत मागायचं नसतं, मामा."

व्याह्यांपैकी एकाने पाकीट पुढे केलं. "हे घ्या. मर्दाचं काम आहे हे. त्या शिट्ट्या पोरांना वाजवू द्या."

मामांनी सिगारेट घेतली. काडी ओढल्याचा आवाज मला खिशातून ऐकू आला. नऊ महिने आणि काही दिवस मी जे धरून ठेवलं होतं, ते संपायला एक काडी पुरली.

त्यानंतर दुकानात माझा नवा उपयोग सुरू झाला. टाकी कोरडी असताना बटण दाबलं की माझा कापूस जळतो आणि करपट वास सुटतो. मेदेत गिऱ्हाइकांना तो वास द्यायचा. "साधं घेतलं तर हे असं होतं," म्हणायचा, आणि गिऱ्हाईक वरच्या फळीवरचा महाग व्हेप उचलायचं. दिवसातून सात-आठ वेळा तो मला असं जाळायचा.

फेब्रुवारीच्या मध्यावर कुल्याशमामी आली. तपासणीला तीन आठवडे होते.

"मेदेत, ते पेन दे. ते परत दोन पाकिटांवर आलेत. नव्याचं नाव काढलं तरी त्यांना मळमळतं. बाजारभर फिरले, तसलं जुनं कुणाकडे नाही. तेच दे, म्हणतात."

"मामी, भाच्याने नेलेलं परत घेतलं तर घराची बरकत जाते. तुम्हीच शिकवलंत ना?"

"माझ्या घराची जाईल. जाऊ दे. तू दे."

त्याने मला काढून तिच्या हातावर ठेवलं. मामीने मला नाकाशी नेलं, एकदा कोट नेला होता तसंच, आणि तिचा चेहरा पडला.

"हे जळालंय."

"जुनं झालं की जळतंच."

"मग आतलं ते वेटोळं बदलून दे."

"येत नाहीत आता ती. कारखान्यानेच बंद केलीत."

माझ्याच कपाटाच्या खणात माझ्या मापाच्या पाच नव्या कॉइली होत्या. माझ्यापासून वीतभर लांब. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मला फक्त वाफ सोडता येते, आणि तीही कुणी बटण दाबलं तर. मामीने मला परत काचेवर ठेवलं, डोक्याचा रुमाल घट्ट केला आणि ती गेली.

"खणात आहेत की रे," दाउरेन म्हणाला.

"आहेत. पण दिल्या असत्या तर मामा जन्मभर हेच चोखत बसले असते. माणसाने पुढे जायला नको का?"

तो हसत नव्हता. त्याला ते खरंच वाटत होतं.

मार्चमध्ये मामांनी नळीत फुंकलं. आकडा मागच्या वर्षीपेक्षाही खाली आला. आता ते कारखान्यात, ज्या क्रेनवर बावीस वर्षं बसले तिच्याच खाली, लोखंडाचा कीस झाडतात. वर एक नवा माणूस बसतो. हे मेदेतनेच एका गिऱ्हाइकाला सांगितलं, मला पुसता पुसता.

मित्रांनो, माझी कीव करू नका, आणि मला विकत तर मुळीच घेऊ नका. पण तुमच्या घरात एखादा माणूस मोठ्या खड्ड्यातून वर येण्यासाठी एखादी लहानशी, हसण्यासारखी वस्तू धरून बसला असेल, तर ती त्याच्या हातातून ओढण्याआधी त्याला एक प्रश्न विचारा. दुकानात, घरात, दस्तरखानावर, एवढ्या माणसांत तो मामांना कुणीच विचारला नाही : याने तुमचं भागतंय का?

भागत होतं.