यंत्राच्या वाट्याच्या विड्या

शैक्षणिक तंत्रविज्ञानात पीएच.डी. करणारा माणूस येणाऱ्या शतकाचा पाया घालत असतो. १९८४ साली बेळगावात असे पाया घालणारे चौघे होते आणि चौघांत मिळून एक टेपरेकॉर्डर होता.

विद्यापीठाच्या फॉर्मात ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ आणि ‘विषयाची आवड’ असे दोन रकाने होते. सिद्राम मधाळेनं पहिल्यात लिहिलं, ‘निपाणी, आई विड्या वळते.’ दुसऱ्यात लिहिलं, ‘लहानपणापासून.’ लहानपणी त्याच्या घरात वीज नव्हती. खरी गोष्ट अशी, की मार्गदर्शक डॉ. पावशे यांच्याकडे याच विषयात एक जागा उरली होती. आता एकतीस मार्चला नोंदणी संपत होती आणि प्रबंध दिल्याशिवाय बी.एड. कॉलेज त्याला कायम करणार नव्हतं. खासबागेतल्या खोलीत प्रबंध लिहायला तो चटई सोडून सगळीकडे बसून बघे. मग उठून निपाणीची एस.टी. धरी.

प्रयोग सोपा होता. निपाणीत घराच्या पुढच्या गल्लीतल्या तीस विड्या वळणाऱ्या बायकांना महिनाभर टेपवर पिण्याच्या पाण्याचे धडे ऐकवायचे, मागच्या गल्लीतल्या तीस जणींना काहीच नाही. मग दोन्ही गल्ल्यांची तोंडी परीक्षा. पुढच्या गल्लीला जास्त गुण पडले की झाला डॉक्टर.

पहिल्याच दिवशी धडा संपल्यावर शेजारच्या सोनुबाईनं पाच विड्या टेपरेकॉर्डरपुढच्या सुपात टाकल्या. बाकीच्यांनीही टाकल्या.

“आक्का, हे काय?” सिद्रामनं विचारलं.

“विसरलास व्हय रं? जी सांगत बसती तिचा हात थांबतोय. तिच्या वाट्याच्या विड्या आपुन द्यायच्या.”

“पण ते यंत्र आहे.”

“मग त्यानं फुकट बोलायचं? बामनसुदिक दक्षिना घेतोय.”

सिद्रामची आई तानीबाई ते सूप रोज घरात ओतून ठेवू लागली.

महिन्यानं परीक्षा झाली. पुढची गल्ली, चाळीसपैकी सरासरी एकतीस. मागची गल्ली, तेहतीस. सिद्रामनं बेरीज चार वेळा केली. मग उठून गल्लीच्या टोकापर्यंत गेला, परत आला आणि पाचव्यांदा केली.

“आई, मागच्या गल्लीला कुणी सांगितलं?”

“सोनीनं. रोज दुपारी जातीया की. हितलं ऐकायचं, तितं सांगायचं.”

सोनुबाई दारातच विड्या वळत बसली होती. “आनि न सांगता बसायचं व्हय? ऐकल्यावर पोटात ऱ्हातंय का? तुजं यंत्र एकदा बोललं की गप. मी कुनाच्या रांजनात काय हाय ते नाव घिऊन सांगतो. लई हसत्यात बाया.”

या गल्लीतलं या गल्लीत राहत नाही, हे निपाणीत जन्मलेल्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं. ते त्याला ठाऊक होतंही, पण पीएच.डी.ला लागण्यापूर्वी.

पावशे सरांनी तक्ते पाहिले. “मधाळे, यातून असा निष्कर्ष निघतो की यंत्र न ऐकल्यानं ज्ञान वाढतं.”

“हो सर.”

“मला फरक पाहिजे. सुलट. पुन्हा प्रयोग करा.”

“महिना लागेल सर. आज अठ्ठावीस मार्च आहे.”

सर खिडकीशी गेले. सिद्राम खुर्चीच्या काठावर बसला होता, तो उगाच उठला आणि पुन्हा बसला.

“एकतीसला माझीही निवृत्ती आहे,” सर म्हणाले. “खोली रिकामी करून द्यायचीय. दोन गुण काही फार नव्हेत. ‘लक्षणीय फरक आढळत नाही’ असं लिहा. सही कुठं करायची?”

सिद्राम डॉक्टर झाला आणि कॉलेजात कायमही झाला. पेढे घेऊन निपाणीला गेला तेव्हा तानीबाई साठवलेल्या विड्या नुकत्याच कारखान्यात देऊन आली होती.

“तुज्या यंत्राच्या साडेचार हजार झाल्या,” ती म्हणाली. “कारखान्यानं निम्म्या छाट म्हनून काढून टाकल्या. कुटं तंबाकू कमी, कुटं पान फाटकं. यंत्राला काय कळतंय म्हनून बायांनी तसल्याच दिल्या.”

“आणि सोनुआक्काला मागच्या गल्लीनं दिलेल्या?”

“तिची एक न्हाय छाट निघाली.”

हा फरक प्रबंधात नाही. प्रश्नावलीत तो प्रश्न नव्हता.